एकाच नावाची दहादा हजेरी

‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था संकेतस्थळांना मोफत डिजिटल प्रमाणपत्रं देते. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तिला आपल्याच प्रणालीत एक चूक सापडली. अर्जात दहा संकेतस्थळं असली, तर प्रमाणपत्र देण्याच्या परवानगीच्या फेरतपासणीत एकच नाव दहादा तपासलं जाई! मास्तरांनी एकाच पोराची दहा वेळा हजेरी घ्यावी, तसं. तीस लाखांवर प्रमाणपत्रं संशयात आली. नियमाने ती पाच दिवसांत रद्द व्हायला हवी होती. पण लाखो साइटवर धोक्याचे इशारे झळकले असते, म्हणून दहा लाखांहून अधिक मुदतीत रद्द केलीच नाहीत. मला ते शहाणपणाचं वाटतं. आता ‘एआरआय’ या सोयीमुळे साइटचा सर्व्हर संस्थेच्या प्रणालीला अधूनमधून स्वतःच विचारतो, ‘प्रमाणपत्र कधी बदलू?’ गडबड असली की उत्तर येतं, ‘आत्ताच.’ तुमची साइट असेल, तर ही सोय चालू आहे का, ते होस्टिंगवाल्याला विचारा.