छिन्नमनस्कतेवरील औषधोपचार : लक्षणांतील सुधारणा आणि चयापचयी दुष्परिणाम

प्रस्तावना :

छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया हा विचार, भावना आणि वर्तन यांवर खोल परिणाम करणारा मनोविकार आहे. भास होणे, भ्रामक समजुती बाळगणे, बोलण्यातील सुसंगती हरवणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. १९५२ मध्ये पॅरिस येथील सेंट-ॲन रुग्णालयात झाँ दिले व पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन या औषधाचा वापर केला आणि या विकाराच्या औषधोपचाराचे नवे पर्व सुरू झाले. औषधांमुळे असंख्य रुग्णांना कुटुंबात राहणे शक्य झाले. तथापि लक्षणे आटोक्यात येत असतानाच अनेकांचे वजन, रक्तशर्करा व रक्तातील मेद वाढू लागतात. या रुग्णांचे आयुर्मान सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा सुमारे १५ वर्षांनी कमी आढळते आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. मनाला मिळणारा आराम व शरीराला द्यावी लागणारी किंमत यांतील संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुष्परिणामांची कारणमीमांसा :

क्लोरप्रोमाझिनपासून क्लोझापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन यांच्यापर्यंतची बहुतेक औषधे मेंदूतील डोपामिनचे ग्राहक रोखतात व त्यामुळे भास व भ्रम कमी होतात. परंतु त्यांतील काही औषधे इतर ग्राहकांवरही परिणाम करतात. हिस्टामिनचे एच-१ व सेरोटोनिनचे २-सी हे ग्राहक रोखले गेल्यास भूक वाढते व पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. मस्करिनिक एम-३ ग्राहक रोखले गेल्यास स्वादुपिंडातून होणाऱ्या इन्सुलिनच्या स्रावात बाधा येते. म्हणजेच रुग्णाची वाढलेली भूक हा खादाडपणा नसून बहुतांशी औषधाचाच परिणाम असतो.

संशोधनातील पुरावा :

१९८८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्के रुग्ण क्लोझापिनने सुधारले; क्लोरप्रोमाझिनच्या बाबतीत हे प्रमाण केवळ ४ टक्के होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'केटी' या अमेरिकी अभ्यासात ५७ केंद्रांवरील १,४९३ रुग्णांचा समावेश होता. १८ महिन्यांच्या आत ७४ टक्के रुग्णांचे नेमून दिलेले औषध बंद झाले. ओलान्झापिनच्या गटात हे प्रमाण सर्वांत कमी, म्हणजे ६४ टक्के होते. मात्र याच गटात वजन दरमहा सरासरी ०.९ किलोग्रॅमने वाढले.

२०२० मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात १०० चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. १८ औषधांच्या तुलनेत क्लोझापिन व ओलान्झापिन यांचे चयापचयी दुष्परिणाम सर्वाधिक, तर ॲरिपिप्राझोल, ल्युरासिडोन, झिप्रासिडोन इत्यादींचे सौम्य आढळले. विशेष म्हणजे लक्षणांतील सुधारणा व वजनवाढ यांत सहसंबंध दिसून आला.

सहसंबंधाचा अर्थ :

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. वजन वाढल्यामुळे रुग्ण बरा होतो, असा अर्थ यातून काढता येत नाही. हा निष्कर्ष गटांच्या सरासरीवर आधारित आहे; एखाद्या रुग्णाचे वजन न वाढताही लक्षणे कमी होऊ शकतात. आपल्याकडे मात्र अंगाने भरणे म्हणजे प्रकृती सुधारणे, असा समज रूढ आहे. त्यामुळे वजनवाढीकडे कुटुंबाचे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

याउलट, वजनाच्या भीतीने औषध परस्पर थांबविणेही घातक आहे, कारण त्यामुळे विकार उलटण्याचा धोका वाढतो. फिनलंडमधील ६६,८८१ रुग्णांच्या नोंदींवर आधारित व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचा मृत्युदर औषध न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. त्यातही क्लोझापिन घेणाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत कमी होता. दुष्परिणाम असूनही योग्य देखरेखीखाली औषध सुरू ठेवणे हितावह ठरते, हे यावरून सूचित होते.

देखरेखीची आवश्यकता :

अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार क्षेत्रांतील संस्थांनी २००४ मध्ये संयुक्त शिफारशी केल्या. त्यांनुसार औषध सुरू करताना वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची रक्तशर्करा व मेद यांची नोंद करावी. वजन ४, ८ व १२ आठवड्यांनी आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी पाहावे. रक्तशर्करा १२ आठवड्यांनी व पुढे दरवर्षी तपासावी. मूळ वजनात ५ टक्के वाढ झाल्यास औषध बदलण्याचा विचार करावा. भारतीयांमध्ये कमी वजनातही मधुमेह उद्भवत असल्याने कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानली जाते. आहारनियमन, व्यायाम व डॉक्टरांच्या सल्ल्याने मेटफॉर्मिन यांचाही उपयोग होतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २२ अन्वये, उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क रुग्णास आहे. या हक्काच्या अंमलबजावणीत वजनकाटा व मोजपट्टी यांचे स्थान औषधचिठ्ठीइतकेच महत्त्वाचे आहे.

निष्कर्ष :

लक्षणांतील सुधारणा व शारीरिक स्वास्थ्य यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, ही धारणा योग्य नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे संयुक्त औषध डोपामिनचे ग्राहक थेट न रोखता कार्य करते. त्यामुळे नवे मार्ग खुले होत आहेत. तोपर्यंत प्रभावी औषध, नियमित मोजमाप आणि जागरूक कुटुंब यांच्या समन्वयातूनच रुग्णाचे मन व शरीर या दोहोंचे रक्षण होऊ शकते.