शेत, बिबट्या आणि अशोकाची राजाज्ञा

नौपाड्यात राहणाऱ्या आम्हांस वन्यजीवांचा प्रश्न परका नाही. ठाण्याच्या पश्चिमेस येऊरची वनराई असून तिला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. कान्हेरीची लेणी त्याच अरण्यात आहेत आणि बिबटेही त्याच अरण्यात नांदतात.

२००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्धी पावलेला हा प्राणी सुमारे १२० किलोमीटर चालत या उद्यानाच्या परिसरात आला. वाटेत अरण्याइतकीच शेते आणि वस्त्याही होत्या. तेव्हा वन्यजीवांचे रक्षण अभयारण्याच्या कुंपणापुरते मर्यादित राहू शकत नाही, हे उघड आहे.

जुन्नर परिसरात उसाची लागवड वाढली. दाट उसात बिबट्यास आडोसा मिळतो आणि वस्तीवरील कुत्री, शेळ्या हे भक्ष्यही मिळते. २००१ पासून शेतांतील बिबटे मोठ्या संख्येने पकडून जंगलात सोडले गेले. परिणाम मात्र उलटा झाला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले आणि ते बिबटे सोडलेल्या ठिकाणांजवळच अधिक झाले. बंदिस्त गोठा, कचरामुक्त वस्ती, रात्रीचा उजेड आणि वेळेवर भरपाई हे उपाय त्याहून हितकर होत.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अनेक प्राण्यांना अभय दिले. जीवजंतू असलेला भुसा जाळू नये, निष्कारण किंवा प्राणिहत्येसाठी वने पेटवू नयेत, अशीही आज्ञा त्यात आहे. भुसा ही खळ्यातली वस्तू होय. म्हणजे ही आज्ञा शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत पोहोचली होती. त्याच अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसे व पशू या दोहोंच्या औषधोपचाराची व्यवस्था नोंदविली आहे.

आजच्या संरक्षणास हीच समदृष्टी हवी. पहाटे उसाच्या फडात उतरणारा तोडणी कामगार, खंडाने किंवा गायरानावर शेती करणारा भूमिहीन यांच्या वाट्यास धोका येतो. पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसते. भरपाई जमिनीच्या मालकापाशी न थांबता कसणाऱ्याच्या हाती पडली पाहिजे. बिबट्याला जगू द्यावे, असे आम्ही शहरवासी सहज म्हणतो; त्याची किंमत एकट्या गरिबाने मोजावी, हे न्यायाचे नव्हे.