विश्लेषण : संगीतकाराला ‘रेसिडेन्सी’ नेमके काय देते? जंगलातली खोली, पियानो आणि दाराशी ठेवलेले जेवण

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात पीटरबरो नावाचे छोटे गाव आहे. गावाजवळच्या जंगलातील ‘मॅकडॉवेल’ या संस्थेत दरवर्षी सुमारे ३०० कलाकार काही आठवडे राहायला येतात. त्यात संगीतकारही असतात. राहण्या-जेवणाचे पैसे घेतले जात नाहीत आणि जाताना काही तयार करून दाखवण्याची सक्तीही नसते. मग यातून साधते काय?

कल्पना कुणाची?

संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांच्या पत्नी, पियानोवादक मॅरियन यांनी १८९६ मध्ये इथे शेतजमीन घेतली. जंगलात बांधलेल्या लाकडी खोलीत एडवर्ड यांचे काम वेगाने होऊ लागले. अशी जागा इतर कलाकारांनाही मिळावी, या विचारातून १९०७ मध्ये संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी एडवर्ड यांचे निधन झाले. त्यानंतर मॅरियन यांनी गावोगावी व्याख्याने देऊन, पतीच्या रचना वाजवून अनेक वर्षे निधी गोळा केला.

दिनक्रम कसा असतो?

प्रत्येकाला स्वतंत्र स्टुडिओ मिळतो. हे स्टुडिओ एकमेकांपासून लांब, झाडीत आहेत. संगीतकाराच्या स्टुडिओत पियानो असतो. दुपारचे जेवण टोपलीतून दाराशी ठेवले जाते, जेणेकरून कामात खंड पडू नये. रात्रीचे जेवण मात्र सगळे एकत्र घेतात. दिवसभर एकांत आणि संध्याकाळी लेखक, चित्रकार, वास्तुविशारदांशी गप्पा, असा हा मेळ आहे. जाताना कलाकार स्टुडिओतल्या लाकडी फळीवर सही करून जातो.

संगीतकाराला याची गरज का?

वाद्यवृंदासाठी लिहिताना प्रत्येक वाद्याने कोणत्या क्षणी काय वाजवायचे, हे कागदावर उतरवावे लागते. ही सगळी वाद्ये एकाच वेळी मनात ऐकू यावी लागतात. मध्येच फोन वाजला की हा डोलारा कोसळतो. शिवाय फ्लॅटमध्ये एकच ओळ पन्नास वेळा वाजवली, तर शेजारी तक्रार करणारच!

प्रत्यक्षात काय घडले?

संगीतकार एमी बीच १९२१ मध्ये इथे आल्या. जंगलात हर्मिट थ्रश हा कस्तुर कुळातला पक्षी गात असे. त्याचे सूर त्यांनी तंतोतंत टिपले, एक सप्तक खाली आणले आणि त्यावर पियानोसाठी दोन रचना केल्या. पुढे त्या जवळपास दरवर्षी इथे येत राहिल्या. आपल्या रचनांची रॉयल्टीही त्यांनी मृत्युपत्राद्वारे संस्थेला दिली. आरन कोपलंड यांनी १९२५ मध्ये ‘म्युझिक फॉर द थिएटर’ या रचनेवर इथेच काम केले.

सर्वांनाच हे मानवते का?

नाही. फ्रान्समध्ये ‘प्री द रोम’ पुरस्कार मिळालेल्या संगीतकारांना रोमच्या व्हिला मेडिचीत पाठवले जाई. १८८४ चे विजेते क्लोद देब्युसी तिथे कमालीचे कंटाळले. तिथून अकादमीकडे रचना पाठवण्याची अट होती. त्यांच्या ‘प्रैंताँ’ या रचनेवर अकादमीने ‘इम्प्रेशनिझम’चा ठपका ठेवला. हेच बिरुद त्यांना आयुष्यभर चिकटले, तेही त्यांच्या मनाविरुद्ध! १८३० चे विजेते बर्लिओझ यांनाही रोम आवडले नाही. पण इटलीच्या डोंगरांतली भटकंती त्यांच्या मनात राहिली आणि १८३४ मध्ये ‘हॅरल्ड इन इटली’त उतरली. म्हणजे रेसिडेन्सीचे फळ मुक्कामातच मिळेल, असे नाही.

भारतात काय?

आपल्याकडे जवळचे रूप गुरुकुलाचे. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत १९७७ पासून गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात. पं. उल्हास कशाळकर हे मराठी गायक तिथे गुरू आहेत. मात्र दोन्हींचा हेतू वेगळा आहे. गुरुकुलात विद्या घेतली जाते, तर रेसिडेन्सीत शिकवायला कुणीच नसते. तिथे कलाकाराला मिळतो तो मोकळा वेळ.

हा वेळ फुकट नसतो, त्याचा खर्च कुणीतरी उचललेला असतो. कोपलंड आयुष्याची अखेरची तीस वर्षे न्यूयॉर्क राज्यातील ज्या घरात राहिले, तिथे आज इतर संगीतकार राहून काम करतात.