ओपिनेलचा रिवेट

ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूत भाग पाचच: पोलादी पाते, बहुधा बीचच्या लाकडाची मूठ, मुठीच्या तोंडाशी पक्की बसवलेली रिंग, तिच्यावर फिरणारी दुसरी रिंग आणि एक रिवेट. आतली रिंग, लाकूड आणि पाते यांच्यातून हा रिवेट आरपार जातो. स्विस चाकूत पात्याला पाठीमागून दाबून धरणारी स्प्रिंग असते, ती इथे नाही. पात्याचा आस होणे, ते मुठीत आवळून धरणे आणि रिंग लाकडाशी बांधून ठेवणे ही तिन्ही कामे एकट्या रिवेटची. म्हणून तो ढिला पडला की बाकीचे चारही भाग धड असूनही चाकू बेभरवशाचा होतो. कापताना पाते डगमगते आणि बाहेरच्या रिंगने अडवलेले नसेल, तर खिशात आपोआप उघडण्याची भीती राहते.

आल्प्सच्या कुशीतल्या साव्हुआ प्रांतात, अवजारे घडवणाऱ्या घराण्यातील जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये हा चाकू घडवला. १८९७ मध्ये १ ते १२ क्रमांकांची मापे ठरली. त्यांतल्या सर्वपरिचित ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते. मुकुट घातलेल्या हाताची नाममुद्रा १९०९ पासूनची. आज कारखाना शांबेरीत आहे. उघडे पाते बोटांवर मिटू नये याची सोय मात्र १९५५ मध्ये झाली. त्या वर्षी मार्सेल ओपिनेल याने बाहेरची फिरती रिंग आणली. तिचे नाव व्हिरोब्लॉक. रिंगला एक फट असते. फट पात्यासमोर असेपर्यंत पाते मोकळे; रिंग फिरवली की तिची कड पात्याच्या मागे येते आणि ते मिटत नाही. ही रिंग ६ आणि त्यापुढच्या क्रमांकांना असते. २००० पासून ती बंद पात्यालाही अडवते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी पाते नेमके कोणत्या दिशेने हलते ते पाहावे लागते. उघडे पाते अडवल्यावर ते वर-खाली, म्हणजे मिटण्याच्या दिशेने हलत असेल, तर दोष बहुधा रिंगेचा असतो. ती पुरती फिरलेली नसते किंवा तिची कड झिजलेली असते. रिंग थोडी पुढे फिरवली की बऱ्याचदा ही हालचाल थांबते. पाते डाव्या-उजव्या बाजूला हलत असेल, तर रिवेटकडे वळावे. त्यातही लाकडाचा भाग असतोच. बीच दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे तोच चाकू ओला झाल्यावर इतका आवळतो की नखाने उघडत नाही. साव्हुआतले लोक तेव्हा मुठीचे टोक टेबलावर आपटून पाते बाहेर काढतात. चाकू ओला असताना सैल वाटला, तरच रिवेट निश्चितपणे ढिला म्हणायचा. नुसत्या कोरडेपणाने आलेला ढिलेपणा हातोडीने घालवला, तर पुढच्या दमट दिवसांत पाते मुठीत रुतून बसते. अशी घाई चाकू बिघडवते.

रिवेटची दोन्ही टोके बाहेरच्या रिंगेखाली दडलेली असतात, म्हणून आधी ती रिंग काढावी लागते. धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळून, सर्क्लिप काढायच्या पकडीने रिंगेची फट जेमतेम लागेल तेवढीच फाकवतात. जास्त फाकली तर रिंगेचा ताण जातो आणि ती पुन्हा कधी आवळून बसत नाही. मग रिवेटचे एक टोक ऐरणीवर किंवा लोखंडी ठोकळ्यावर टेकवून दुसऱ्यावर बॉलपीन हातोडीने हलके ठोके द्यायचे. टोक किंचित पसरते आणि आतली रिंग पात्याकडे ओढली जाते. दोन-तीन ठोक्यांनंतर पाते उघडझाप करून पाहायचे, चाकू उलटवून दुसऱ्या टोकावर तेवढेच ठोके. एकाच बाजूला ठोकत राहिले तर रिवेट त्या बाजूला दबतो आणि पाते खाचेच्या मध्यावर राहत नाही. टोक रिंगेच्या पातळीच्या वर उठले तर बारीक कानस फिरवावी लागते, नाहीतर बाहेरची रिंग त्यावर घासते.

इतके करूनही पाते डुलत असेल, तर पात्याचे भोक अंडाकृती झिजलेले असते. ठोकण्याने रिवेटचे डोके पसरते, भोकातला दांडा मात्र फारसा जाड होत नाही. तेव्हा रिवेट काढून किंचित जाड घालणे हाच उपाय. पण पाते कडक केलेले पोलाद आहे. साधे ड्रिल त्यात भोक मोठे करत नाही. कार्बाइडचे टोक लागते, आणि तापल्यास पात्याचा कडकपणा उतरतो म्हणून पाणी सोडत थांबत-थांबत जावे लागते. मुठीचे लाकूड रिवेटपाशी चिरलेले असेल तर हातोडीने ती चीर वाढतेच, तिथे नवी मूठ लागते. अति आवळलेला रिवेट मात्र बऱ्याचदा सुधारता येतो: सांध्यात तेलाचा थेंब सोडून पाते बराच वेळ उघडझाप केले की घर्षणाने थोडी जागा होते. शेवटी रिंग पुन्हा चढवून ती दोन्ही दिशांना सहज फिरते आणि अडवलेले पाते हलत नाही, एवढे तपासून चिकटपट्टी काढतात.