वायुवाहित संक्रामण, वैद्यकीय क्रियांतील
रुग्णाच्या श्वसन तंत्रावर केल्या जाणाऱ्या काही वैद्यकीय क्रियांच्या वेळी रोगजंतुयुक्त सूक्ष्म कण हवेत मिसळतात. ते श्वासाबरोबर आत गेल्यास जवळपासच्या व्यक्तींना रोगसंसर्ग होऊ शकतो. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, कक्षसेवक व सफाई कामगार यांना या संसर्गाचा धोका विशेष असतो. क्षय, गोवर, कांजिण्या, इन्फ्ल्यूएंझा, सार्स व कोविड-१९ हे रोग हवेतून पसरू शकतात.

संकल्पनेचा विकास : बोलताना व खोकताना उडणाऱ्या तुषारांतून सूक्ष्मजंतू पसरतात, हे जर्मन आरोग्यवैज्ञानिक कार्ल फ्ल्यूग्गे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले. मोठे तुषार लवकर खाली पडतात. लहान तुषारांतील पाणी मात्र वाटेतच उडून जाते व उरलेली ‘तुषारकेंद्रके’ दीर्घकाळ तरंगत राहतात, असे अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये मांडले. पुढे रिचर्ड रायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉल्टिमोर येथील एका रुग्णालयात क्षयरुग्णांच्या खोल्यांतील हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळविली. रुग्णांशी कोणताही प्रत्यक्ष संपर्क नसताना त्या प्राण्यांना क्षय झाला. त्यामुळे वेल्स यांच्या मतास प्रायोगिक आधार मिळाला.

धोक्याच्या क्रिया : श्वासनालात नळी घालणे, श्वासनालछेदन, श्वासनलिकांची दुर्बिणीने तपासणी, स्राव शोषून घेणे, मुखवट्यातून दाबाने श्वसनसाहाय्य देणे व हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन या क्रिया धोक्याच्या मानल्या जातात. वेगाने फिरणारी दंतवैद्यकीय उपकरणे व शवपरीक्षेतील करवत यांमुळेही कण उडतात. २००३ मधील सार्सच्या साथीत जगभरात ८,०९६ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी १,७०६ आरोग्यसेवक होते. श्वासनालात नळी घालणाऱ्यांना लागण होण्याचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक होते, असे त्या साथीच्या अभ्यासांवरून दिसून आले. त्यानंतर अशा क्रियांच्या याद्या तयार झाल्या आणि अनेक ठिकाणी उच्च प्रतीच्या मुखपट्ट्या प्रामुख्याने या क्रिया करणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या.

कोविड-१९ च्या साथीत या वर्गीकरणातील उणीव उघड झाली. शस्त्रक्रियागृहात केलेल्या मोजमापांत भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासनालात नळी घालताना फारच थोडे कण आढळले. साध्या खोकल्याने त्याहून कितीतरी अधिक कण निर्माण झाले. म्हणजे धोका केवळ क्रियेत नसून रुग्णाचा खोकला, त्याच्या आजाराची अवस्था, जवळ घालविलेला वेळ व खोलीतील वायुवीजन यांतही असतो. खोकणाऱ्या रुग्णास अन्न भरविणारी परिचारिका किंवा त्याचे अंथरूण बदलणारा सेवक यांनाही म्हणूनच तितक्याच संरक्षणाची आवश्यकता असते. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात कोविड-१९ मुळे जगभरात ८०,००० ते १,८०,००० आरोग्यसेवक मृत्यू पावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तुषार व वायुवाहित कण यांच्यामधील ५ मायक्रॉनची काटेकोर सीमा या संघटनेने २०२४ मध्ये सोडून दिली.

संरक्षण : पहिला उपाय म्हणजे संशयित रुग्ण लवकर ओळखून त्याला वेगळे ठेवणे व त्याच्या तोंडावर मुखपट्टी बांधणे. दुसरा उपाय वायुवीजनाचा. विलगीकरणाच्या खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवल्यास दूषित हवा मार्गिकेत येत नाही. तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतील ९९ टक्के कण निघून जाण्यास सुमारे २३ मिनिटे लागतात, तर ६ वेळा बदलणाऱ्या खोलीत सुमारे ४६ मिनिटे. क्रिया संपल्यावर लगेच आत शिरणारा सफाई कामगार म्हणून सुरक्षित नसतो.

यांत्रिक व्यवस्था परवडत नसेल तेथे नैसर्गिक वायुवीजन उपयोगी पडते. पेरूमधील लिमा शहरातील रुग्णालयांत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, उंच छत व मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या इमारतींत दारे-खिडक्या उघडल्यावर नव्या इमारतींपेक्षा अधिक हवा खेळत होती. उष्ण प्रदेशांतील रुग्णालयांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मात्र वारा पडल्यास किंवा पंखे व वातानुकूलनासाठी खिडक्या बंद केल्यास हा लाभ राहत नाही.

तिसरा उपाय वैयक्तिक साधनांचा. शस्त्रक्रियेच्या वेळची साधी मुखपट्टी चेहऱ्यावर सैल बसते व कडांमधून हवा आत येते. एन-९५ प्रकारची मुखपट्टी सुमारे ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडविते. मात्र ती चेहऱ्यावर घट्ट बसणे आवश्यक असते. दाढीमुळे फट राहते, म्हणून प्रत्येक सेवकासाठी ती नीट बसते की नाही याची चाचणी घ्यावी लागते. डोळ्यांचे आवरण, हातमोजे व अंगरखा यांचीही जोड द्यावी लागते. मुखपट्टी हा संरक्षणाचा शेवटचा टप्पा आहे. रुग्णाचे विलगीकरण व खेळती हवा यांची उणीव तिने पूर्णपणे भरून निघत नाही.