चार गोल आणि मनाचा आजार

आमच्या घरांतली मुले रोनाल्डो, मेस्सी, सलाह यांची नावे पाठ म्हणून दाखवतात. या महिन्यात आम्ही त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही आणखी एका खेळाडूची ओळख करून देत आहोत. तो म्हणजे स्लोव्हेनियाचा आघाडीचा फुटबॉलपटू योसिप इलिचिच.

त्याचा जन्म १९८८ चा, बोस्नियातील प्रियेदोर शहरातला. १९९२ मध्ये याच भागात बोस्नियाक मुसलमानांवर भयंकर अत्याचार झाले. ओमार्स्काची कुप्रसिद्ध छावणी इथलीच. इलिचिचचे घराणे क्रोएट. तो तान्हा असतानाच वडिलांची हत्या झाली. आई दोन मुलांना घेऊन स्लोव्हेनियातील क्रान्य गावी आली आणि तिथेच तिने त्यांना वाढवले.

२०१० मध्ये मारिबोर क्लबने त्याला जेमतेम ८० हजार युरोंत घेतले. काही आठवड्यांतच इटलीच्या पालेर्मोने त्याला उचलले. पुढे फिओरेन्तिना आणि २०१७ पासून बर्गामो शहराचा अटालांटा क्लब. उंचापुरा, संथ वाटणारा, पण डाव्या पायात जादू. सतत काहीतरी दुखते म्हणून तक्रार करणाऱ्या या गड्याला सहकारी लाडाने 'आजी' म्हणत.

१० मार्च २०२० रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये व्हॅलेन्सियाविरुद्ध अटालांटा ४-३ ने जिंकला. चारही गोल इलिचिचचे! पण करोनामुळे मैदान रिकामे होते. आठवडाभरात बर्गामोतून शवपेट्या नेणारे लष्करी ट्रक साऱ्या जगाने पाहिले.

त्या काळात इलिचिच आतून खचत गेला. आधी २०१८ मध्ये त्याचा जुना सहकारी दाविदे अस्तोरी झोपेतच वारला होता. त्याच वर्षी इलिचिच स्वतः गंभीर संसर्गाने आजारी पडला. झोपलो तर उठणारच नाही, अशी भीती त्याला वाटे. ऑगस्ट २०२० मध्ये क्लब उपांत्यपूर्व सामना खेळत होता तेव्हा हा नायक स्लोव्हेनियात घरी होता. २०२२ च्या आरंभी त्याला पुन्हा खेळ थांबवावा लागला. तरीही बर्गामोच्या प्रेक्षकांनी त्याला दूर केले नाही. त्याच वर्षी क्लब सोडताना त्यांनी त्याला मायेने निरोप दिला.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हेच. आपल्याकडे तरुण मुलगा गप्प झाला, झोपेनासा झाला, तर लगेच 'ईमान कमजोर आहे' किंवा 'मर्द होऊन रडतोस?' असे ऐकवले जाते. हजरत याकूब (अ.) यांची दृष्टी मुलाच्या विरहाच्या दुःखाने गेली, हे सूरह यूसुफमध्ये आपण वाचतो. मग दुःखाने खचलेल्याच्या ईमानावर बोट ठेवणारे आपण कोण? आजारावर इलाज करा, ही तर प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. दुआ आणि नमाजने धीर मिळतोच. पण ताप आल्यावर आपण दुआही करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या आजाराला वेगळा न्याय का? शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, तिथे मराठीतही बोलता येते.

इलिचिच २०२२ मध्येच मारिबोरला परतला आणि पुन्हा खेळू लागला. २०२४ च्या युरो स्पर्धेत, ३६ व्या वर्षी, तो देशासाठी उतरला. पोर्तुगालविरुद्ध त्याची पेनल्टी अडवली गेली आणि स्लोव्हेनिया हरला. पण रिकाम्या मैदानातल्या त्या चार गोलांइतकेच हे परतणेही मोठे आहे. आपल्या घरात कोणी असा गप्प बसला असेल, तर आज त्याच्याजवळ बसा. उपदेश नको, आधी ऐकून घ्या.