राज्य गेले, दप्तरे उरली

२७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठचा थाळनेरचा किल्ला सर टॉमस हिस्लॉप याच्या फौजेने घेतला. होळकरांनी त्याआधी जानेवारीत मंदसोरच्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला होता. तरीही किल्ल्यातील शिबंदीने लढा दिला. ती कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमला शरण गेला, त्याच महिन्यात मालेगावही पडले. खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्या हाती आला आणि त्याने धुळे हे आपले मुख्य ठाणे केले. शाळेच्या पुस्तकात मराठी राज्याची हकिगत येथे संपते.

राज्य संपले तरी त्याचे कागद एका दिवसात संपत नाहीत. सनदा, वतनपत्रे, महजर, जमाखर्चाच्या वह्या, सरदारांची पत्रे, मठांतील पोथ्या हा सारा संसार लढाईनंतरही कोणाच्या तरी घरात, वाड्यात वा तळघरात पडून राहतो. त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न जगातील प्रत्येक पराभूत समाजापुढे आलेला आहे. धुळे शहराचा या प्रश्नाशी विशेष संबंध आहे. ज्या माणसाने हे कागद वाचविण्यात आयुष्य घालविले, त्या इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरात देह ठेवला. त्यांच्या नावाने १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आणि त्याचे संग्रहालय हा त्या कार्याचा वारसा आहे. मंडळाची शताब्दी २०२७ मध्ये येते. त्या निमित्ताने हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

आगीपेक्षा उपेक्षा भारी

युद्धात वारसा जळतो, हे सर्वांना ठाऊक असते. मे १८१८ मध्ये तोफांच्या माऱ्याने रायगडावरील वाडे पेटले. पुण्याचा शनिवारवाडा लढाईत वाचला, पण १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. तथापि मराठी दप्तरांचा मोठा नाश अशा आगींनी झालेला नाही. तो झाला त्या कागदांचा व्यवहारातील उपयोग संपल्यामुळे.

जिंकणाऱ्याला कागद हवे असतात ते महसुलासाठी. कोणती जमीन इनाम, कोणती सरकारी, कोणाचे वतन कोणत्या सनदेने चालते, हे कळल्याशिवाय नव्या सरकारला वसुली करता येत नव्हती. म्हणूनच एल्फिन्स्टनच्या काळात पेशव्यांचे दप्तर गोळा करण्यात आले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा ज्याच्या घरी सनद होती त्याने ती जिवापाड जपली. कारण कागद हरवला की जमीन जाणार, हे उघड होते. १८६३ च्या कायद्यांनी इनामांचा सरसकट निवाडा केला आणि हे प्रकरण मिटले. त्याबरोबर घरोघरच्या जुन्या कागदांची गरजही संपली.

हा पहिला तडाखा. दुसरा बसला स्वातंत्र्यानंतर. मुंबई राज्याने १९५० मध्ये परगणे व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा केला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु गावोगावच्या कुलकर्ण्यांच्या घरातील दप्तरे त्या दिवसापासून केवळ अडगळ ठरली. याच सुमारास शाळांतून मोडीचे शिक्षण मागे पडले. अडगळ झालेला कागद वाचताही येईनासा झाला. मग त्याच्या पुड्या बांधल्या गेल्या, तो बंबात गेला, वाळवीने खाल्ला. पोथी असेल तर श्रद्धेने नदीत विसर्जित केली गेली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. ज्याचा उपयोग ठाऊक नाही ती वस्तू घर जपत नाही, एवढेच.

वाचविणारे हात

या नाशाला आवर घालण्याचे काम सरकारने केले नाही. ते काही व्यक्तींनी केले. सरकारी ताब्यातील पेशवे दप्तर सुमारे ३५,००० रुमालांचे. ते अभ्यासकांना दीर्घकाळ बंद होते. त्यातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ भागांत प्रसिद्ध झाले ते १९३० नंतर. तोवर संशोधकांना खासगी घरांकडेच वळावे लागले. 'काव्येतिहाससंग्रह' १८७८ मध्ये सुरू झाला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांची दप्तरे हाती घेतली. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जमविलेल्या साहित्यातून साताऱ्याचे ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

राजवाड्यांची तऱ्हा निराळी होती. त्यांच्यापाशी ना संस्थानिकांचा आश्रय होता, ना पैसा. वाडे, मठ आणि भिक्षुकांची घरे पालथी घालीत ते महाराष्ट्रभर हिंडले. पानिपतच्या काळातील, म्हणजे १७५० ते १७६१ या वर्षांतील पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड झाले. तोवर मराठ्यांचा सलग इतिहास म्हणजे ग्रँट डफचा १८२६ चा ग्रंथ. जेत्याच्या अधिकाऱ्याने लिहिलेल्या त्या इतिहासाला जितांच्या स्वतःच्या पत्रांनी उत्तर मिळाले, हे या खंडांचे खरे महत्त्व होय.

पत्र मिळाले म्हणजे काम झाले असेही नव्हते. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि बोरू फारसा न उचलता अक्षरे तिला लटकवीत जायची अशी रीत. शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि संक्षेपांची रेलचेल. पुष्कळ पत्रांवर नुसती चांद्र तारीख असते, सालाचा पत्ता नसतो. मजकुरातील एखाद्या मुक्कामावरून, एखाद्याच्या मृत्यूच्या उल्लेखावरून साल ठरवावे लागते. आणि ते ठरविताना हा कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांच्या शेजारी होता, हे कळणे अत्यावश्यक असते. विक्रेत्याने सुटा करून आणलेला कागद म्हणूनच अर्धा मुका असतो.

धुळ्याचे दोन भांडार

राजवाड्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, परंतु आयुष्याच्या अखेरीस त्यांचा मुक्काम धुळ्यात होता. त्यांच्या निधनानंतर भास्कर वामन भट प्रभृतींनी त्यांचे कागद आणि टिपणे विखुरू दिली नाहीत. राजवाड्यांच्या टिपणांवरून कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी सिद्ध केलेला मराठी धातुकोश १९३७ मध्ये, तर नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ मध्ये धुळ्याच्या मंडळाने प्रकाशित केला. 'संशोधक' हे त्रैमासिक मंडळानेच चालविले. हस्तलिखिते आणि मोडी कागदांबरोबर नाणी, मूर्ती, चित्रे यांचाही संग्रह तेथे झाला.

दुसरे भांडार श्रीसमर्थ वाग्देवता मंदिराचे. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि रामदासी मठांतून बाडे गोळा करण्यास प्रारंभ केला. डोमगाव मठातील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापला. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत या संग्रहात आहे. येथे वाग्देवता हीच दैवत आणि पोथ्या हाच तिचा देव्हारा. भाविकाच्या नित्य पूजेमुळे एखादे हस्तलिखित टिकते आणि अभ्यासकाच्या वाचनामुळे दुसरे. दोन्हींचे मर्म एकच: त्या कागदाची गरज असलेले कोणीतरी जिवंत आहे.

टिंबक्टूचा दाखला

या मर्माची साक्ष खानदेशापासून हजारो मैलांवर, पश्चिम आफ्रिकेतही मिळते. तेथील लायबेरिया देशात १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धे झाली आणि मन्रोव्हिया येथील राष्ट्रीय संग्रहालयातील बहुतेक वस्तू लुटल्या गेल्या. इमारत उभी राहिली, आतले गेले. याउलट माली देशातील टिंबक्टू या प्राचीन विद्यानगरीची गोष्ट आहे. तेथे शतकानुशतके घराघरांतून अरबी लिपीतील हस्तलिखिते जपली गेली होती. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी शहर व्यापले, पूज्य पुरुषांच्या समाध्या फोडल्या. तेव्हा अब्देल कादर हैदरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराण्यांच्या संमतीने हस्तलिखिते लोखंडी पेट्यांत भरली आणि मोटारींतून, नायजर नदीतील होड्यांतून राजधानी बमाकोला गुपचूप नेली. जानेवारी २०१३ मध्ये माघार घेताना त्या गटांनी अहमद बाबा संस्थेत आग लावली. सुमारे ४,००० हस्तलिखिते नष्ट झाली. लाखो मात्र तोवर सुरक्षित स्थळी पोहोचली होती.

समाध्याही तेथील गवंड्यांनी २०१५ पर्यंत पारंपरिक मातीकामाने पुन्हा उभारल्या. त्या फोडणाऱ्यांपैकी एकाला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. वारशाचा विध्वंस हा युद्धगुन्हा ठरला. पण संकट एवढ्यावर संपले नाही. वाळवंटाच्या कोरड्या हवेत टिकलेला कागद बमाकोच्या दमट हवेत खराब होऊ लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यातील काही पेट्या टिंबक्टूला परत आल्या. तलवारीचा धोका टळल्यावर कसर, बुरशी आणि विस्मरण यांचा धोका सुरू होतो, हे मालीलाही अनुभवास आले.

आपल्याकडे तलवारी परत येतात तेव्हा उत्सव होतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे मुदतीने साताऱ्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये रघुजी भोसले यांची लिलावात घेतलेली तलवार मुंबईत पोहोचली. हा आनंद रास्तच आहे. परंतु तलवार कोणाची, कशी गेली, खरी की खोटी, हे सांगायला अखेर कागदच लागतो. आणि तो वाचणारा माणूस लागतो.

आता काय करावे

राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम मिशनची घोषणा झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणी व जतनाचा संकल्प सोडण्यात आला. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे ती संगणकावर लिहिता येऊ लागली. कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र कागदाचे आयुष्य वाढविते हे खरे. पण न वाचलेल्या पानाचे छायाचित्रही न वाचलेलेच राहते. पूर्वी रुमाल बांधून पडत, आता संगणकात पडतील. तेव्हा खरी उणीव आहे ती मोडी वाचकांची. पांझरेच्या पलीकडे देवपुरात महाविद्यालयांची गजबज आहे, अलीकडे शहरात दप्तरे आहेत. मधला पूल ओलांडून दरवर्षी दहा-वीस विद्यार्थी जरी मोडी शिकून या कागदांपर्यंत गेले, तरी शताब्दीचा याहून चांगला समारंभ नाही.

घरात जुने कागद असणाऱ्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. रुमाल सोडलाच तर कागदांचा क्रम मोडू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कालांतराने कागद पिवळा आणि ठिसूळ करतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते सहसा कागदाला इजा न करता काढता येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. धुतलेले, खळ नसलेले सुती कापड उत्तम. एरंडोल आणि यावल येथे एके काळी हातकागद तयार होत असे. असा चिंध्यांचा कागद आणि काजळीची शाई मुळात चिवट असतात. कोरड्या जागी ते शतके टिकतात, मात्र पाणी लागले की शाई फुटते. पांझरेने १८७२ मध्ये हे शहर धुऊन काढले होते, हे ध्यानी ठेवून पेटी जमिनीलगत ठेवू नये. कागद कोणाच्या घरातून, कोणत्या गावातून आले, याची चार ओळींची नोंद पेटीत असावी. देणगी द्यायची नसेल तर निदान छायाचित्रे काढू द्यावीत. पोथी विसर्जित करण्यापूर्वी ती एकदा जाणकाराला दाखवावी. वाचली जाणे हीही तिची पूजाच आहे.

थाळनेरच्या तटावर कोण कोण पडले, त्यांची नावे कोणत्या गावच्या कोणत्या घरात लिहिलेली असतील, हे आज कोणी सांगू शकत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल छापले गेले, म्हणून त्यांची बाजू आपल्याला ठाऊक आहे. दुसरी बाजू कदाचित खानदेशातल्याच एखाद्या माळ्यावर, लाल रुमालात बांधलेली असेल.